सात मिनिटांचा थांबा

मुलांनो, एक गाडी डोळ्यांसमोर आणा. आपली नव्हे, परदेशातली. पांढरी, लांबलचक, खिडक्या न उघडणारी. ती एका स्टेशनात येऊन उभी राहते आणि बरोबर सात मिनिटं थांबते. आता असं धरून चाला, की त्या फलाटावर तुमचं एक माणूस उभं आहे आणि त्याला तुम्ही चार वर्षांत पाहिलेलं नाही. सात मिनिटांत तुम्ही काय काय कराल?

घाईनं उत्तर देऊ नका. घड्याळ समोर ठेवा आणि सात मिनिटं नुसते गप्प बसून बघा. वाटतात तेवढी ती लहान नसतात. रसिकानं मला ती पेन्सिलीनं आखून दाखवली होती.

"पहिलं मिनिट पप्पांना शोधायला," ती म्हणाली होती. "पण ते लागणारच नाही गुरुजी. बोगीचा नंबर मी त्यांना आधीच सांगणार. म्हणजे ते मिनिट शिल्लक राहिलं."

"त्या शिल्लक मिनिटाचं काय करायचं?"

"ते शेवटी वापरायचं," ती म्हणाली आणि कागदाच्या तळाशी एक चौकोन काढून तिनं तो रिकामा ठेवला.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त होऊन गडहिंग्लजच्या वाचनालयात मुलांना कॉम्प्युटर शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे, मी रात्री पुस्तकात वाचायचो आणि सकाळी तेच मुलांना सांगायचो. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, आणि इंटरनेट असं की पान उघडेपर्यंत मुलांचा एक पाढा म्हणून व्हायचा. म्हणून मी एक पद्धत घालून दिली होती. आधी सगळं कागदावर, पेन्सिलीनं, मग पडद्यावर. कागदावर चुकलं तर खोडता येतं.

रसिका अकरा वर्षांची होती. आई नव्हती. वडील, दिनकर, जर्मनीतल्या ऑफेनबुर्ग नावाच्या गावात एका भारतीय खानावळीत स्वयंपाकी होते. त्यांच्या कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं. घरी आले असते, तर परत जाता आलं नसतं. म्हणून रसिका मामाकडे, आजीजवळ राहायची. मामा म्हणजे अशोकराव शिंत्रे, गावातले सिमेंटचे मोठे व्यापारी. दर रविवारी सकाळी दहाला दिनकरचा फोन वाचनालयात यायचा. मामीला घरी सकाळी सकाळी फोन वाजलेला चालायचा नाही.

त्या वर्षी शिंत्र्यांनी मे महिन्यात युरोपला जायचं ठरवलं. फ्रँकफर्टला उतरायचं आणि तिथून रेल्वेनं झुरिच. विमानाचं एजंटानं पाहिलं. पण ही रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर स्वतः काढायची, आणि छापून आलेला कागद हेच तिकीट. तो पासपोर्टसोबत दाखवायचा.

अशोकराव स्वतः वाचनालयात आले.

"काय गुरुजी, आमची पोरगी त्रास देत न्हाई न्हवं?"

"छे! सगळ्यांत पुढं आहे ती."

"मग हे काम तिलाच द्या. रसिका, ऐक गं. आपण पाचजण जायाचं. तिकिटं तू काढायचीस. जमंल?"

"मी पण?" रसिकानं विचारलं.

"पाच म्हटलं की न्हाई? मोज की. मी, मामी, ऐश्वर्या, ऋतुराज..." त्यांनी तिच्या डोक्यावर टिचकी मारली. "आन् पाचवं कोण, आमचं मांजर?"

ती इतकी हसली, की तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. शिकवणाऱ्या माणसाला असं मूल आयुष्यात एखादंच मिळतं. फ्रँकफर्टहून झुरिचकडे जाणाऱ्या गाड्या तिनं पाठ केल्या. जर्मन शब्द तिनं वहीत मराठी अक्षरांत उतरवले. आणि एका दुपारी तिला ती गाडी सापडली.

"गुरुजी, ही बघा! ही ऑफेनबुर्गला थांबते. बारा चौतीसला येते, बारा एकेचाळीसला सुटते. इतकी का थांबते?"

आम्ही दोघांनी शोधून काढलं. त्याच मार्गावर मागून एक वेगवान गाडी येत होती. ती ऑफेनबुर्गला थांबत नव्हती, आणि तिला पुढं जाऊ देण्यासाठी आमची गाडी बाजूला उभी राहत होती. मी लगेच गणित घातलं. आधीचं स्टेशन, पुढचं स्टेशन, अंतर, वेग. वेगवान गाडी ऑफेनबुर्गवरून किती वाजता जात असेल? रसिकानं पाच मिनिटांत उत्तर आणलं. बारा अडतीस.

"म्हणजे मी आणि पप्पा फलाटावर उभे असताना ती शेजारून धाडकन जाणार," ती म्हणाली. "पप्पांना सांगते, माझा हात धरून ठेवा म्हणून."

रविवारी तिनं फोनवर सगळं सांगितलं. दिनकरचा आवाज मोठा होता, खोलीभर ऐकू यायचा.

"सात मिनिटं? खरं सांगतीस?"

"खरंच, पप्पा. मी खोटं बोलते का कधी?"

"दुपारचा धंदा गर्दीचा. पण मालकाकडून अर्धा तास मागून घेतो. डबा आणतो सगळ्यांचा. मामी काय खाणार, विचारून ठेव."

मामीनं यादीच दिली. मसालेभात, पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. परदेशी जेवण पोरांच्या घशाखाली उतरत नाही, तेव्हा दोन दिवस पुरेल एवढं हवं. रसिकानं ती यादी स्वच्छ अक्षरात लिहून घेतली.

मग पासपोर्ट आले. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं असतं, म्हणून मामीनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पाठवले होते. रसिकानं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मी ती उघडली. निळ्या पुस्तिका एकेक करून टेबलावर मांडल्या, बोटानं मोजल्या. चार होत्या.

"माझा मुंबईहून यायचाय," रसिका म्हणाली. "मामी म्हणाली."

"फॉर्मवर सही केली होतीस?"

"नाही. लहान मुलांची लागत नसेल."

"पोलीस चौकशीला आले होते घरी?"

"ऐश्वर्याताई-ऋतुराजदादाच्या वेळी आले होते. माझ्या वेळी मी शाळेत असेन." तिनं चारही पुस्तिका सारख्या केल्या. "नंतर येतो ना गुरुजी, पासपोर्ट? असं असतं ना?"

मुलांनो, मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. वर्गात मूल प्रश्न विचारतं तेव्हा ते खरोखर काय विचारत असतं, हे मला कळतं. उत्तरही मला ठाऊक होतं. पण पडद्यावर अर्धा भरलेला तक्ता होता. गडहिंग्लजमधली एक मुलगी जर्मनीच्या रेल्वेची तिकिटं काढत होती, आणि ती माझी विद्यार्थिनी होती. मला ते काम पुरं व्हायला हवं होतं.

"असतं, असतं," मी म्हणालो. "चल, पुढचं नाव घाल."

तिनं पाचवं नाव स्वतःचं घातलं. रसिका दिनकर आजगेकर. जन्मतारीख घातली. मग एकमेकांसमोरच्या चार जागा आणि पलीकडची एक निवडली. ती पलीकडची खिडकीजवळची होती, फलाटाच्या बाजूची. फलाट कोणत्या बाजूला येतो, हेही तिनं नकाशावर शोधलं होतं.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला अशोकराव आले. फक्त कार्डाचा नंबर घालायचा राहिला होता. त्यांना बसायला मी माझी खुर्ची दिली.

"मामा, एकदा नावं बघून घ्या," रसिका म्हणाली. "बरोबर आहेत ना?"

त्यांनी चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागले. "अशोक. सुनंदा. ऐश्वर्या. ऋतुराज. आन् हे खालचं?"

"मी."

"ते काढ."

"चुकलंय का काही?"

"चुकलं न्हाई. पण तू येत न्हाईस न्हवं."

"पासपोर्ट नाही आला?"

"दिलाच न्हवता, तर येणार कुठनं?" अशोकराव हसले. वाईट माणूस हसतो तसं नाही. आपल्या हुशारीवर खूश झालेला माणूस हसतो तसं. "अगं, आजी अंथरुणाला खिळल्याली. तिला वेळेवर पाणी कोण देणार? सगळ्यांनी जाऊन कसं चालंल? आन् तुला आधीच सांगितलं असतं, तर एवढा जीव ओतून केलं असतंस का हे? बघा गुरुजी, एजंटाच्या बापाला जमलं नसतं. बोगी कुठली, खिडकी कुठली, सगळं जिथल्या तिथं!"

मी चष्मा पुसत होतो. काच स्वच्छ होती.

"गुरुजी, बोला की. खरं हाय का न्हाई?"

"काम चोख आहे," मी म्हणालो.

"काढ मग ते नाव. मला तुमचं यंत्र कळत न्हाई."

"मामा," रसिका म्हणाली, "पप्पा येणार आहेत स्टेशनवर."

"तेच सांगतोय. त्याला यातलं एक अक्षर बोलायचं न्हाई. तू येत न्हाईस हे कळलं, तर तो गडी स्टेशनावर पाय ठेवायचा न्हाई. मग आम्ही झुरिचला खायाचं काय? मामीनं सगळी यादी दिलीया. गाडी थांबली की डबा घेतो, आन् मग सांगतो की, ऐनवेळी ताप आला पोरीला. बापाचं मन हाय, दोन मिनटं वाईट वाटंल. त्यात काय एवढं?"

"सात," रसिका म्हणाली.

"काय सात?"

"गाडी सात मिनिटं थांबते."

"हां, मग सात मिनटं." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्यावर कार्डाचा नंबर होता. "सिमेंटचा ट्रक लागलाय दुकानात. तासाभरात येतो. कागद काढून ठेव. आन् तोंड असं करू नकोस, तिथनं चॉकलेट आणतो मोठं."

ते गेले. त्यांची मोटारसायकल वळणापर्यंत ऐकू येत होती.

मी वाट बघत होतो की ती रडेल. रडली असती तर मला बरं झालं असतं. मी पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि माउसवर हात ठेवला.

"गुरुजी, काढलेलं नाव परत घालता येतं?"

"पैसे भरेपर्यंत येतं."

तिनं आपल्या नावापुढच्या खुणेवर बाण नेऊन बटण दाबलं. पान हळूहळू उघडलं. पाचाऐवजी चार ओळी दिसल्या. तिनं त्या बोटानं मोजल्या, जशा मी त्या दिवशी पुस्तिका मोजल्या होत्या. मग ती आणखी दोन पानं मागं गेली. गाड्यांची यादी परत आली. आमच्या गाडीवरची खूण तिनं काढली आणि दुसऱ्या ओळीवर केली.

"अगं," मी म्हणालो, "ही वेगवान गाडी आहे. ही ऑफेनबुर्गला थांबत नाही."

"माहितीये."

"मामांना विचारलंस?"

"मामा म्हणाले नाव काढ. गाडीचं काही बोलले नाहीत."

त्या दिवशी दोन्ही गाड्यांचं भाडं सारखंच पडत होतं. मी तिचा हात धरू शकलो असतो. दुकानात फोन करू शकलो असतो. मी उठलो आणि प्रिंटरमध्ये कागद घातले. तुम्हाला वाटेल, मी तिच्या बाजूनं झालो. तसं नव्हतं. मी कुणाच्याच बाजूनं काही केलं नाही. कागद संपले होते, म्हणून घातले.

तिनं चिठ्ठीवरचा नंबर एकेक आकडा करून घातला. प्रिंटर कुरकुरला. एका कागदावर एक नाव, असे चार कागद बाहेर आले. तिनं ते नीट सारखे करून टाचणी लावली. पेन्सिलीनं आखलेला सात मिनिटांचा कागद टेबलावरच होता. तो तिनं खोडला नाही, फाडलाही नाही. उलटा करून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कार्डाची चिठ्ठी ठेवली, उडू नये म्हणून वर खोडरबर ठेवला.

अशोकराव आले. त्यांनी कागद मोजले. "चार. फ्रँकफर्ट हाय, झुरिच हाय. शाब्बास!" बाकीचं वाचायची त्यांना गरज वाटली नाही. का वाटावी? रसिकानं आजवर त्यांचं एकही काम चुकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती पावणेदहालाच आली. आजीला आंघोळ घालून, केस ओले तसेच बांधून. दहाला फोन वाजला. मी उचलून तिच्याकडे दिला आणि वर्तमानपत्र उघडलं.

"रसू!" दिनकरचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा होता. "काल बाजारात गेलतो. आमटी सांडत न्हाई असा एक डबा मिळाला. झाकणाला रबर हाय. तुझ्यासाठी येगळा. त्यात फक्त तुझंच."

"पप्पा, गाडी बदलली."

"म्हणजे?"

"तिकिटं दुसऱ्या गाडीची काढली. ती तुमच्या गावाला थांबत नाही. तुम्ही डबा करू नका. सुट्टी मागू नका."

मग दिनकरनं विचारलं, "मामानं बदलली?"

"मी बदलली."

मी वर्तमानपत्राआडून तिच्याकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं, काल तिनं काय केलं होतं. मामाला अद्दल घडवायला तिनं गाडी बदलली, असं मी रात्रभर समजत होतो. तसं नव्हतं. वडिलांना फलाटावर डबे घेऊन उभं राहावं लागू नये, आणि त्यासाठी आपल्याला खोटं बोलावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. गाडी थांबत नाही, हे तिनं आधी खरं करून घेतलं होतं, मग सांगितलं.

हिशेब बरोबर होता. फक्त बापाबद्दलचा तिचा अंदाज चुकला होता.

"असू दे, असू दे," दिनकर म्हणाला. "काय कारण असंल ते असंल. पण आमच्या गावावरनंच जाती न्हवं ती गाडी? किती वाजता?"

"बारा अडतीस."

"मग झालं की! मी फलाटावर उभा ऱ्हातो. आमची ती खानावळीतली उंच पांढरी टोपी घालून येतो, लांबनं दिसंल. तू खिडकीला डोकं टेकून बस. थांबली न्हाई तर न्हाई थांबली. जाताना तर दिसशील? एवढंसं दिसलीस तरी बास मला."

रसिकानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"आता सांग," दिनकर म्हणाला, "तू कुठल्या बाजूच्या खिडकीत बसणार? म्हणजे मी त्या अंगाला उभा ऱ्हातो."

तिनं रिसीव्हर कानापासून दूर केला.

"रसू? डावी का उजवी?"

तिनं रिसीव्हरवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडं वळली. डोळे कोरडे होते. वर्गात उत्तर पक्कं माहीत असलेलं मूल बोलतं, तशा आवाजात ती म्हणाली,

"गुरुजी, त्या दिवशी तुम्ही पासपोर्ट मोजले होते. मी बघितलं होतं."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

रिसीव्हरमधून दिनकरचा बारीक आवाज येत होता. "हॅलो? रसू? ऐकू येतंय का?"

तिनं तळहात काढला. रिसीव्हर माझ्या हातात दिला. मग मागं जाऊन समोरच्या बाकावर बसली, मी शिकवायला लागलो की बसायची तशी, हाताची घडी घालून, आणि मी काय सांगतो ते ऐकायला लागली.